दुर्बिणीचे स्क्रू कुणी फिरवायचे?

आपल्या पुष्कळ माध्यमिक शाळांमधून आता एखादी दुर्बीण असते. कधी ती माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेली असते, तर कधी एखाद्या योजनेतून आलेली. त्यांपैकी अनेक न्यूटनच्या पद्धतीच्या, १५० मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास व्यासाचा आरसा असलेल्या परावर्ती दुर्बिणी असतात. वर्षातून दोन-तीनदा ही दुर्बीण कपाटातून निघते, मैदानावर मांडली जाते आणि मुलांची रांग लागते. चंद्र पाहून सगळे खूश होतात. मग दुर्बीण गुरूकडे वळते आणि रांगेतला उत्साह ओसरू लागतो. पुस्तकात गुरूवर ठळक पट्टे असतात. येथे दिसतो तो एका बाजूला फिसकटलेला पांढरा ठिपका. एखादा धीट विद्यार्थी विचारतो, "सर, पट्टे कुठे आहेत?" त्याला ठरावीक उत्तर मिळते : दुर्बीण लहान आहे, किंवा आज हवा चांगली नाही.

ही दोन्ही उत्तरे कधीकधी खरी असतात. पण बहुतेक वेळा दुर्बीणही पुरेशी मोठी असते आणि हवाही बरी असते. बिघडलेली असते ती आरशांची जुळणी. इंग्रजीत तिला कॉलिमेशन म्हणतात. आपण अक्षजुळणी म्हणू. दुर्बिणीच्या पाठीमागचे तीन स्क्रू थोडे इकडेतिकडे फिरवले की तीच दुर्बीण, त्याच मैदानावरून, त्याच रात्री गुरूचे पट्टे दाखवू शकते. मात्र ते स्क्रू फिरवण्याची परवानगी विद्यार्थ्यांना नसते आणि शिक्षकांना धीर नसतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, हे स्क्रू आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत, आणि दुर्बिणीतून आकाश दाखवण्याआधी दुर्बीण जुळवण्यास शिकवावे.

प्रथम १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीची कुवत किती, ते पाहू. कोनाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एक कला होते आणि कलेचे ६० भाग केले की एक विकला. ११६ या संख्येला आरशाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागले, तर ती दुर्बीण एकमेकांजवळचे किती बारीक तपशील वेगळे दाखवू शकेल ते विकलांमध्ये मिळते. हा नियम डॉझ या इंग्रज निरीक्षकाच्या नावाने ओळखला जातो. आपल्या दुर्बिणीसाठी उत्तर येते सुमारे ०.७७, म्हणजे पाऊण विकला. पावणेतीन किलोमीटर अंतरावरून १ सेंटिमीटरची वस्तू जेवढी दिसेल, तेवढा हा कोन. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना त्याची चकती सुमारे ४५ विकलांची असते. म्हणजे तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ५५ ते ६० वेगवेगळे तपशील मावतात. दोन मुख्य पट्टे, त्यांच्या कडांवरचे उंचवटे, एखाद्या उपग्रहाची चकतीवर पडलेली काळी सावली एवढे सर्व या आकड्यात बसते. आता आरसे सरकल्यामुळे प्रत्येक बिंदूला ३ विकलांची शेपटी फुटली असे समजा. मग त्याच चकतीवर जेमतेम १५ तपशील उरतात आणि पट्टे एकमेकांत मिसळून जातात. दुर्बिणीचा व्यास तोच राहिला, पण काम मात्र ती खेळण्यातल्या दुर्बिणीइतकेच करू लागली.

चंद्र का बिघडत नाही, असे कुणी विचारील. तोही बिघडतोच, पण तो १८०० विकलांचा आहे आणि त्यावरील विवरे मोठी व ठसठशीत आहेत. थोडी धूसरता लक्षात येत नाही. म्हणूनच "चंद्र छान दिसतो, म्हणजे दुर्बीण ठीक आहे" हा शाळांमधला समज फसवा आहे. दुर्बिणीची खरी परीक्षा ग्रह घेतात.

न्यूटनने १६६८ साली पहिली परावर्ती दुर्बीण तयार केली. तिची रचना आजही तशीच आहे. नळीच्या तळाशी एक अंतर्गोल, काटेकोरपणे सांगायचे तर अन्वस्ताकार, आरसा असतो. त्याला मुख्य आरसा म्हणू. तो प्रकाश गोळा करून परत वर पाठवतो. नळीच्या तोंडाजवळ ४५ अंशांत बसवलेला एक लहान सपाट आरसा तो प्रकाश बाजूला वळवतो आणि तेथे नेत्रिका, म्हणजे ज्याला आपण सर्रास आयपीस म्हणतो ती, असते. अन्वस्ताकार आरशाची एक अट आहे : तो आपल्या मुख्य अक्षावरच्या बिंदूचीच निर्दोष प्रतिमा देतो. अक्षापासून बाजूला गेलात की ताऱ्याच्या बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी फुटू लागते. या दोषाचे नावही कोमा असेच आहे. दुर्बीण बिनचूक जुळलेली असते, तेव्हा हा निर्दोष बिंदू नेत्रिकेच्या बरोबर मध्यावर येतो. ती जुळलेली नसेल तर तो बाजूला कुठेतरी पडतो आणि आपण दृष्टिक्षेत्राच्या मध्याकडे पाहत असताना प्रत्यक्षात आरशाच्या वाईट भागातली प्रतिमा पाहत असतो.

आरसे सरकतात तरी का? कारण ते घट्ट आवळून बसवलेले नसतातच. घट्ट आवळले तर काच दाबली जाऊन तिचा आकारच बिघडेल. मुख्य आरसा तीन स्प्रिंगांवर आणि तीन स्क्रूंवर तोललेला असतो. दुर्बीण कपाटातून मैदानावर नेली, एस.टी.च्या टपावरून शेजारच्या गावी नेली, की हादऱ्यांनी स्क्रू किंचित ढिले होतात. हा दुर्बिणीतला दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे. गवई मैफलीला बसण्याआधी तानपुरा लावतो. तबलजी हातोडीने तबला सुरात आणतो. तेव्हा "वाद्य खराब आहे" असे कुणी म्हणत नाही. कालच्या मैफलीत लावला होता, मग आज पुन्हा कशाला, असेही कुणी विचारीत नाही. दुर्बीण मात्र एकदा विकत घेतली की कायमची लागलेली असावी, अशी आपली अपेक्षा असते.

येथे खरेदी करणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर करतो. आरशाच्या नाभीय अंतराला त्याच्या व्यासाने भागले की नाभीय गुणोत्तर मिळते. १५० मिलिमीटर व्यास आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर असेल तर गुणोत्तर ८. नाभीय अंतर ७५० असेल तर ५. मध्याभोवतीच्या ज्या वर्तुळात कोमा त्रासदायक होत नाही, त्याचा व्यास या गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. गुणोत्तर ८ असताना तो सुमारे ११ मिलिमीटर असतो, ५ असताना ३ मिलिमीटरहूनही कमी आणि ४ असताना जेमतेम दीड. आता समजा, मुख्य आरशाचा एक स्क्रू पाव फेरा ढिला झाला. स्क्रूच्या एका फेऱ्याला १ मिलिमीटर धरले तर आरशाची ती बाजू पाव मिलिमीटर सरकेल. स्क्रूपासून समोरच्या आधाराचे अंतर १०० मिलिमीटर असेल, तर आरसा ०.२५ भागिले १००, म्हणजे एक चारशेअंश रेडियन कलला. त्याला नाभीय अंतराने गुणा. लांब दुर्बिणीत अक्ष ३ मिलिमीटर सरकला. पण तिच्या चांगल्या वर्तुळाची त्रिज्या साडेपाच मिलिमीटर आहे, तेव्हा निभावून गेले. आखूड दुर्बिणीत अक्ष सुमारे १.९ मिलिमीटर सरकला आणि तिची त्रिज्या आहे १.४. ती बाहेर पडली! एकाच चुकीला एक दुर्बीण माफ करते, दुसरी करत नाही. तरीही आखूड नळीची, उचलायला सोपी आणि दिसायला नेटकी दुर्बीण शाळांना जास्त आवडते. ग्रह पाहायचे असतील तर शाळेने लांब नळीची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वर्गमित्राला तिचे दुसरे टोक धरावे लागेल, एवढेच.

जुळणीचे पहिले काम भरदिवसा, वर्गात होते. त्यासाठी एक साधन लागते. नेत्रिकेच्या नळीवर बसणाऱ्या झाकणाच्या बरोबर मध्यभागी दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडायचे. एखाद्या फोटो स्टुडिओत जुनी फिल्मची प्लॅस्टिकची डबी मिळाली तर तीही सव्वा इंची नळीत बऱ्यापैकी बसते; तिच्या तळाला भोक पाडावे. डोळा नळीच्या मध्यावर ठेवायला लावणे, एवढेच या साधनाचे काम. मुख्य आरशाच्या मध्यभागी खूण नसेल तर ती करून घ्यावी लागते. फायलीतल्या कागदांच्या भोकांना चिकटवतात ती गोल कडी त्यासाठी उत्तम. आरशावर काही चिकटवायचे म्हटले की शिक्षक दचकतात, पण भीतीचे कारण नाही. आरशाचा मधला भाग नेहमी लहान आरशाच्या सावलीत असतो. तो तसाही काही कामाला येत नाही.

नळी आडवी ठेवावी, उभी नको. म्हणजे हातातून पाना किंवा स्क्रूड्रायव्हर निसटला तर तो आरशावर पडणार नाही. नळीचे तोंड उजळ भिंतीकडे करावे, उन्हाकडे कधीही नको. आता भोकातून पाहा. सर्वांत जवळ दिसतो तो तिरका आरसा. तो नळीच्या मध्यावर आणि गोल दिसला पाहिजे. त्याच्या आत मुख्य आरशाचे प्रतिबिंब दिसते. तिरक्या आरशाचे तीन बारीक स्क्रू फिरवून मुख्य आरसा पूर्ण, त्याला धरणाऱ्या तिन्ही चिमट्यांसकट दिसेल आणि त्याची मधली खूण मध्यावर येईल असे करा. हे नाजूक काम आहे, पण एकदा जमले की सहसा पुष्कळ दिवस टिकते. तिसरी पायरी नेहमीची. मुख्य आरशात तिरक्या आरशाचे आणि त्यात आपल्याच भोकाचे प्रतिबिंब दिसते. पाठीमागचे स्क्रू फिरवून ते भोक मधल्या खुणेच्या कड्यात नेऊन बसवायचे.

या तिसऱ्या पायरीला दोघे लागतात, कारण १२०० मिलिमीटर नळीच्या एका टोकाला डोळा आणि दुसऱ्या टोकाला स्क्रू असतो. एकाने भोकातून पाहायचे, दुसऱ्याने फिरवायचे. "वरचा थोडा आवळ. आणखी. थांब, फार झाले. आता डावा." असे पाच मिनिटे चालते. मग दोघे जागा बदलतात आणि भांडतात, कारण पहिल्याने "बरोबर मध्यावर" म्हटलेले दुसऱ्याला मध्यावर वाटत नाही. या भांडणात परावर्तनाचा नियम, प्रतिबिंबाचे प्रतिबिंब आणि मापनातली त्रुटी असे तीन विषय शिकून होतात. आरसा एका कोनातून फिरला की परावर्तित किरण दुप्पट कोनातून फिरतो, हे फळ्यावर आकृती काढून सांगितलेले विद्यार्थी विसरतात. पाव फेऱ्यात भोकाचे प्रतिबिंब केवढी उडी मारते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो विसरणार नाही.

लेसरचे साधन मिळते, ते वापरायला काय हरकत आहे? काहीच नाही. पण ते स्वतः सरळ आहे की नाही हे आधी तपासा. नळीत बसवून ते स्वतःभोवती फिरवा. आरशावरचा लाल ठिपका जागच्या जागी न राहता वर्तुळ काढू लागला, तर जुळवणाऱ्यालाच जुळवण्याची गरज आहे. लेसरचा किरण कुणाच्या डोळ्यात जाणार नाही, हेही पाहावे लागते. शाळेसाठी मला भोकाचे झाकणच बरे वाटते. तुमच्याकडे शनीला किंवा मंगळाला वाहिलेली, मागे भोक असलेल्या आरशाची आखूड दुर्बीण असेल, तर तिच्यात बहुधा पुढच्या लहान आरशाचेच तीन स्क्रू फिरवायचे असतात आणि ते थेट ताऱ्यावर जुळवतात.

वर्गातली जुळणी ही तयारी. शेवटचा निकाल तारा देतो. दुर्बीण अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावी, म्हणजे आरशाची काच बाहेरच्या हवेइतकी थंड होईल. मग मध्यम तेजाचा, आकाशात उंच असलेला तारा घ्यावा. ध्रुवतारा जागचा हलत नाही, म्हणून पुस्तकांतून त्याची शिफारस असते. पण ती पुस्तके बहुधा उत्तरेकडच्या देशांत लिहिलेली असतात. महाराष्ट्रातून तो क्षितिजापासून साधारण १६ ते २२ अंशच वर असतो आणि तेथल्या जाड हवेतून तो सतत थरथरतो. उंचावरचा तारा २०० पट विवर्धनात मिनिटभरात दृष्टिक्षेत्रातून निघून जाईल, हे खरे. पण दिसेल तोवर स्वच्छ दिसेल. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराला ६ मिलिमीटरची नेत्रिका लावली की २०० पट होतात.

तारा आता किंचित अस्पष्ट करा. बिंदूऐवजी एकात एक वर्तुळे दिसू लागतील आणि मध्ये एक काळे वर्तुळ, तिरक्या आरशाची सावली. पाण्यात खडा टाकल्यावर उठणारे तरंग आठवा. सगळी वर्तुळे एककेंद्री असतील तर दुर्बीण जुळली. ती एका बाजूला दाटलेली आणि दुसऱ्या बाजूला पसरलेली असतील तर पाठीमागचा एखादा स्क्रू फिरवावा लागेल. कोणता? नळीच्या तोंडासमोर हात धरा. वर्तुळांवर हाताची सावली दिसते. वर्तुळांच्या दाटलेल्या बाजूवर सावली येईल तिकडे हात न्या, म्हणजे नळीची कोणती बाजू पाहायची ते कळेल. त्या रेषेतला स्क्रू अगदी थोडा फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा आणि पाहा. बिघडले तर उलट फिरवा. तारा मध्यावर आणायचे विसरलात तर सगळी मेहनत वाया जाते, एवढे मात्र ध्यानात ठेवा.

हवा खराब आहे की दुर्बीण, हा सुरुवातीचा वाद याच परीक्षेत मिटतो. हवेने होणारी धूसरता उकळत्या पाण्यासारखी असते. ती क्षणाक्षणाला बदलते आणि मधूनच एखादा क्षण लख्ख जातो. जुळणीचा दोष स्थिर असतो. शेपटी नेहमी त्याच बाजूला असते आणि लख्ख क्षण येतच नाही. वर्तुळे लंबगोल दिसली आणि नाभीच्या अलीकडून पलीकडे जाताना तो लंबगोल आडव्याचा उभा झाला, तर बहुधा आरशाचे चिमटे जास्त आवळले गेले आहेत. "आज हवा चांगली नाही" असे म्हणण्याचा अधिकार हे सर्व पाहिलेल्यालाच आहे, असे मी म्हणेन.

हल्ली मुलांना ग्रह पाहण्याइतकेच त्यांचे फोटो काढायचे असतात आणि त्यात गैर काही नाही. साध्या कॅमेऱ्यानेही गुरूची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत घेतात, त्यातल्या हजारो चित्रांतून लख्ख क्षणांची चित्रे संगणकाने निवडतात आणि ती एकावर एक बसवतात. हवेच्या थरथरीवर हा उत्तम उपाय आहे. पण जुळणीच्या दोषावर तो मुळीच चालत नाही, कारण निवडलेल्या प्रत्येक चित्रात तीच शेपटी त्याच बाजूला असते. मग चित्रफीत जास्त वेळ का घेऊ नये? गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. त्याच्या ४५ विकलांच्या चकतीच्या मध्यावरचा ठिपका त्यामुळे मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. तीन मिनिटांत तो पाऊण विकला सरकला, म्हणजे १५० मिलिमीटर दुर्बिणीच्या मर्यादेइतका. अधिक वेळ घेऊन उपयोग नाही. जे मिळवायचे ते तेवढ्यात. ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली १९ जुलै २००९ रोजी आपल्या साडेचौदा इंची परावर्ती दुर्बिणीतून गुरूची अशीच चित्रे घेत होते. दक्षिण ध्रुवाजवळ त्यांना एक नवा काळा डाग दिसला. काहीतरी गुरूवर जाऊन आदळले होते, आणि मोठ्या वेधशाळांनी त्यांच्या सूचनेनंतर आपल्या दुर्बिणी तिकडे वळवल्या. फिसकटलेल्या चित्रात असा डाग सापडत नाही.

त्याहून जुने उदाहरण मला अधिक बोलके वाटते. विल्यम हर्शल हा इंग्लंडमधील बाथ या गावचा संगीतकार. आरसे घासणे, त्यांना झिलई देणे हा त्याचा छंद. १३ मार्च १७८१ रोजी त्याला एक "तारा" इतरांपेक्षा निराळा, चकतीसारखा दिसला. त्याने विवर्धन २२७ वरून ४६० आणि ९३२ पर्यंत वाढवले. शेजारचे तारे तितके मोठे झाले नाहीत. हा मात्र होत गेला. तो युरेनस होता. त्याची चकती अवघी ४ विकलांच्या आसपास असते. हाच ग्रह फ्लॅमस्टीडने १६९० साली तारा म्हणून आपल्या यादीत नोंदवला होता. हर्शलच्या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास किती होता? ६.२ इंच, म्हणजे १५७ मिलिमीटर. शाळेतल्या दुर्बिणीएवढाच! तिचा आरसा काचेचा नव्हे, धातूचा होता. असे आरसे काळे पडत, त्यांना पुन्हा झिलई द्यावी लागे आणि पुन्हा नळीत बसवून जुळवावे लागे. जो बिंदूसारखा दिसायला हवा तो बिंदूसारखा दिसतो, याची खात्री असल्यामुळेच त्याला चकती ही चकती म्हणून ओळखता आली. १७८२ साली त्याची ही दुर्बीण ग्रिनिचच्या वेधशाळेत नेऊन तेथल्या दुर्बिणींशी ताडून पाहिली, तेव्हा ती सरस ठरली.

अवकाशातही हे काम चुकलेले नाही. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली. तिचा साडेसहा मीटरचा आरसा १८ तुकड्यांचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती सप्तर्षीतल्या एका ताऱ्याकडे वळवली, तेव्हा पहिल्या चित्रात एकाच ताऱ्याचे १८ विखुरलेले ठिपके आले. तज्ज्ञांनी डोक्याला हात लावला नाही. हे अपेक्षितच होते. तुकड्यांमागच्या मोटरी काही नॅनोमीटरच्या पावलांनी फिरवीत ते ठिपके एकावर एक आणण्यात पुढचे आठवडे गेले आणि जगाला पहिली चित्रे १२ जुलै रोजी दाखवली. आपल्या तीन स्क्रूंचे हे मोठे भावंड.

आता शाळांच्या अडचणीकडे येतो. दुर्बीण डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असते. तिच्यापुढे एका शिक्षकाची सही असते आणि काही मोडले तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. त्याने किल्ली खिशात ठेवली तर त्याला दोष देता येत नाही. पण नुकसान कशाने होते, हे समजून घ्यायला हवे. स्क्रू फिरवल्याने आरसा खराब होत नाही. फार तर प्रतिमा दिसेनाशी होईल आणि पुन्हा भोकाच्या झाकणापासून सुरुवात करावी लागेल. स्क्रू पूर्ण काढला तर स्प्रिंग निसटेल, म्हणून तो पूर्ण काढायचा नाही, एवढे सांगून ठेवले की झाले. खरा शत्रू आहे रुमाल! आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा जाड असतो. धूळ दिसली म्हणून तो पुसणारा हौशी माणूस, मग तो कोणत्याही पदावरचा असो, एका मिनिटात जे बिघडवील ते नववीचा वर्ग वर्षभर स्क्रू फिरवूनही बिघडवू शकणार नाही. तेव्हा संस्थाचालकांनी नियम करायचा तर असा करावा : आरशाला बोट लावायचे नाही, स्क्रूंना लावायचे.

आणखी एक आक्षेप मी ऐकला आहे. विक्रेत्याचा माणूस वर्षातून एकदा येऊन जुळणी करून जातो, मग मुलांनी कशाला खटाटोप करावा? तो माणूस जातो त्या दिवशी दुर्बीण जुळलेली असते. नंतर ती जिन्यावरून खाली येते.

पाहिलेल्या फिसकटलेल्या गुरूचा परिणाम केवळ एका संध्याकाळपुरता नसतो. विद्यार्थी मनात नोंद करतो की, पुस्तकातले ग्रह दूर कुठेतरी, मोठ्या माणसांच्या मोठ्या यंत्रांना दिसतात. आपल्याला दिसत नाहीत. पुढे परिणाम असा होतो की, जे स्वतः पाहायचे ते तो दुसऱ्याने काढलेल्या चित्रात पाहून समाधान मानतो. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये जवळजवळ कडेवरून दिसली. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि कॅसिनीने १६७५ साली पाहिलेली त्यांच्यातली काळी फट दिसणे सोपे होत जाईल. चांगल्या रात्री १५० मिलिमीटरच्या जुळलेल्या दुर्बिणीतून ती दिसते. न जुळलेल्या दुर्बिणीतून कडी म्हणजे एक अखंड फिकट पट्टा वाटतो.

पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे आकाश मिळत नाही आणि दुर्बीण कपाटात दमट हवा खात पडते. जुळणीच्या पहिल्या तीन पायऱ्यांना आकाश लागत नाही. जुलै-ऑगस्टमधल्या विज्ञानाच्या दोन तासिका त्यासाठी दिल्या तर ऑक्टोबरात तारा गाठायला चार-सहा जोड्या तयार असतील. पहिल्या जोडीला दीड तास लागेल. पाचव्यांदा करताना दहा मिनिटे पुरतील. दुर्बिणीच्या खोक्यात एक वही ठेवावी. तीत प्रत्येक वेळी तारीख, ताऱ्याचे नाव, दिसलेल्या वर्तुळांची पेन्सिलीने काढलेली आकृती आणि स्क्रू फिरवणाऱ्या दोघांची नावे लिहावीत. ती नावे विद्यार्थ्यांची असावीत; शिक्षकांची सही रजिस्टरमध्ये आहेच.